एका कार्डावर क्लिक, मेनू मात्र सगळ्यांचे उघडतात: कंपोनंटमधले क्लिक आणि स्कोप

प्रश्न थोडक्यात असा आहे. यादीतल्या प्रत्येक नोंदीसाठी एक कार्ड कंपोनंट (पुन्हा वापरता येणारा पानाचा तुकडा) बनवलाय. कार्डावर कुठेही क्लिक केलं की तपशिलाचं पान उघडतं आणि कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर क्लिक केलं की छोटा मेनू. पानावर एकच कार्ड होतं तोवर सगळं नीट चाललं. यादी आल्यावर एका मेनूचं बटण दाबलं की सगळे मेनू उघडायला लागले. ते कसंबसं सुटलं, तर ‘काढून टाका’ दाबल्यावर नोंद जाते आणि सोबत तपशिलाचं पानही उघडतं. त्यावर हँडलरमध्ये (क्लिक झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) स्टॉपप्रोपगेशन, म्हणजे क्लिक पुढे वरच्या एलिमेंटकडे जाऊ न देणारी सूचना, टाकलं, तर बाहेर क्लिक केल्यावर बंद व्हायचे ते बाकीचे मेनू उघडेच राहिले. आता टीममधून सल्ला आलाय की सगळं शॅडो डॉममध्ये (पानाच्या एलिमेंटांच्या झाडापासून, म्हणजे डॉमपासून, वेगळं ठेवलेल्या कंपोनंटच्या आतल्या झाडात) टाका, स्कोप (नावं जिथवर दिसतात ती हद्द) वेगळा झाला की क्लिकही वेगळे होतील.

क्लिक वेगळे होणार नाहीत. शॅडो डॉम मार्कअप आणि स्टाइल वेगळी ठेवतो, क्लिक त्यातून आरपार बाहेर येतो आणि तसाच यावा अशीच त्याची रचना आहे. इथे तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत अडकलेत: कोणत्या कार्डाची स्थिती बदलायची, कोणता क्लिक कोणाचा समजायचा, आणि काय झालं ते बाहेर कसं कळवायचं. माझं म्हणणं एकच आहे. क्लिक हा सगळ्या पानाचा असतो. कंपोनंटनं तो अडवायचा नाही, त्यातला आपला वाटा ओळखायचा, आणि बाहेर कळवताना ‘क्लिक झाला’ असं न सांगता ‘अमुक नोंद काढायची आहे’ असं सांगायचं.

सगळे मेनू एकदम उघडण्याचा क्लिकशी तसा संबंधच नाही. हा स्थितीचा घोळ आहे आणि तो बहुतेक वेळा दोनपैकी एका जागी सापडतो. एक, कंपोनंट स्वतःचे भाग शोधताना डॉक्युमेंटपासून शोधतो. डॉक्युमेंटवर क्वेरीसिलेक्टरऑल चालवून मेनूचा क्लास मागितला की पानावरचे सगळे मेनू हाती येणारच. शोध नेहमी त्या इन्स्टन्सच्या, म्हणजे त्या एका कार्डाच्या, मूळ एलिमेंटपासून सुरू करा. दोन, ‘उघडा आहे का’ हा फ्लॅग फाइलच्या वरच्या पातळीवर व्हेरिएबल म्हणून ठेवलेला असतो. जावास्क्रिप्टचं मॉड्यूल कितीही ठिकाणी इंपोर्ट केलं तरी एकदाच चालतं, त्यामुळे तिथलं व्हेरिएबल सगळ्या कार्डांना सामायिक असतं. एक कार्ड असताना हे लक्षात येत नाही, कारण तेव्हा सामायिक आणि स्वतःचं यात फरकच नसतो. फ्लॅग इन्स्टन्सवर ठेवा: क्लासच्या फील्डमध्ये, फंक्शनच्या क्लोजरमध्ये किंवा फ्रेमवर्कच्या स्टेटमध्ये. जुन्या कोडमध्ये लूपमध्ये ‘व्हार’ वापरून हँडलर जोडलेले असतील तर तेही तपासा. तिथे सगळे हँडलर एकच व्हेरिएबल धरून बसतात आणि क्लिक होईपर्यंत त्यात शेवटची किंमत आलेली असते. ‘लेट’ प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल देतो.

आयडीचंही तसंच. बटणाच्या एरिया-कंट्रोल्सला (बटण कोणता भाग चालवतं ते सांगणाऱ्या ॲट्रिब्यूटला) आणि लेबलच्या ‘फॉर’ला आयडी लागतो, तो टेंप्लेटमध्ये ठोकून लिहिला की दुसऱ्या कार्डाचं लेबल पहिल्या कार्डाच्या चेकबॉक्सवर टिकमार्क करतं. आयडी इन्स्टन्सगणिक तयार करा. रिॲक्ट या लायब्ररीत १८व्या आवृत्तीपासून यूझआयडी हा हुक त्यासाठीच आहे.

अजून अँग्युलरजेएस हे जुनं फ्रेमवर्क सांभाळणाऱ्यांसाठी एक परिच्छेद, कारण ‘स्कोप आयसोलेशन’ हा शब्द अनेकांच्या तोंडी तिथूनच बसला. तिथे डायरेक्टिव्हनं (तिथल्या कंपोनंटसारख्या तुकड्यानं) काही सांगितलं नाही तर तो पालकाचाच स्कोप वापरतो. ‘ट्रू’ दिलं तर पालकाकडून वारसा घेणारा नवा स्कोप मिळतो, आणि ऑब्जेक्ट दिला तर पूर्ण वेगळा. मधल्या प्रकारात एक जुना सापळा आहे: साधी किंमत वाचताना ती पालकाकडून येते, पण लिहिताना मुलाच्या स्कोपवर नवी तयार होते आणि पालकाला पत्ताही लागत नाही. दुसरा गोंधळ एनजी-क्लिकचा, म्हणजे क्लिकला काय चालवायचं ते सांगणाऱ्या तिथल्या ॲट्रिब्यूटचा. कंपोनंटच्या टॅगवरच बाहेरून लिहिलेला एनजी-क्लिक १.२ आवृत्तीपासून बाहेरच्या स्कोपमध्ये चालतो, आतल्या वेगळ्या स्कोपमध्ये नाही. आतली फंक्शनं तिथून दिसत नाहीत ही तक्रार त्यामुळे येते, पण ते वागणं बरोबर आहे. आतून बाहेर कळवायला अँपरसँड (&) बाइंडिंग, म्हणजे आतून बोलावता येणारं बाहेरचं फंक्शन, वापरा आणि बोलावताना किमती ऑब्जेक्टमधून नावानिशी द्या. अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार २०२१च्या अखेरीस संपला, तेव्हा नवं काही त्यात सुरू करू नका.

आता क्लिकचा प्रवास बघू. हा प्रवास २००० साली डॉम लेव्हल २ इव्हेंट्सच्या शिफारशीत ठरला आणि आजही तोच आहे: वरून खाली कॅप्चर, मग टार्गेट, मग खालून वर बबल. हँडलरमध्ये दोन गोष्टी हाती असतात. टार्गेट म्हणजे क्लिक नेमका जिथे लागला ते एलिमेंट, आणि करंटटार्गेट म्हणजे लिसनर (इव्हेंटची वाट बघणारा हँडलर) ज्याच्यावर लावलाय ते. तीन ठिपक्यांचं बटण एसव्हीजीचं असेल तर टार्गेट बटण नसतं. बोट ठिपक्यावर पडलं तर तो सर्कल मिळतो, दोन ठिपक्यांमध्ये पडलं तर एसव्हीजी किंवा बटण. ‘टार्गेट हेच बटण आहे का’ अशी तुलना त्यामुळे कधी जुळते, कधी नाही, आणि तक्रार ‘बटण कधीकधी चालत नाही’ अशी येते. टार्गेटवर क्लोजेस्ट चालवून डेटा-ॲक्शन असलेला सर्वांत जवळचा पूर्वज शोधा.

पण क्लोजेस्टवरही थांबू नका. कार्डाच्या आत दुसरं कार्ड येऊ शकतं, उदाहरणार्थ उत्तराखालचं उत्तर. तेव्हा आतल्या कार्डाचं बटण दाबलं की क्लिक बबल होत बाहेरच्या कार्डापर्यंत पोहोचतो, बाहेरचं कार्डही क्लोजेस्ट चालवतं, त्यालाही ‘काढून टाका’ सापडतं, आणि दोन्ही नोंदी जातात. म्हणून सापडलेल्या बटणावर आणखी एकदा क्लोजेस्ट चालवून त्याचं कार्ड कोणतं ते विचारा, आणि ते आपणच असलो तरच पुढे जा. एका ओळीची ही तपासणी आहे, पण माझ्या मते पुन्हा वापरायच्या कंपोनंटमध्ये हीच खरी सीमा असते. कोणाचाही क्लिक न रोखता प्रत्येकजण फक्त आपला उचलतो.

स्टॉपप्रोपगेशनवर मी इतका का अडून बसलोय, ते तुमच्याच तिसऱ्या तक्रारीत दिसतं. तुमच्या हँडलरला फक्त कार्डाला कळू द्यायचं नव्हतं, पण त्यानं त्या क्लिकची वाट बघणाऱ्या वरच्या सगळ्यांनाच गप्प केलं: दुसरे मेनू, कीबोर्ड फोकस सांभाळणारा कोड, वापराची मोजणी करणारी स्क्रिप्ट. कोणाला गप्प केलं हे कंपोनंट लिहिताना माहीत नसतं आणि माहीत होणारही नाही, कारण तो कोणत्या पानावर जाईल हेच ठरलेलं नाही. रिॲक्टवाल्यांना याचा एक जास्तीचा फटका बसला. १६व्या आवृत्तीपर्यंत रिॲक्ट आपले लिसनर डॉक्युमेंटवर लावायचं, त्यामुळे रिॲक्टमधला स्टॉपप्रोपगेशन डॉक्युमेंटवरच्या इतर लिसनरना अडवू शकत नव्हता. २०२० मध्ये १७वी आवृत्ती आली आणि लिसनर ॲपच्या मूळ कंटेनरवर गेले. तेव्हापासून तोच स्टॉपप्रोपगेशन क्लिक खरोखरच डॉक्युमेंटपर्यंत पोहोचू देत नाही. निरुपद्रवी वाटणाऱ्या जुन्या ओळी अचानक बाधायला लागल्या त्या यामुळे.

मग ‘काढून टाका’ दाबल्यावर तपशिलाचं पान उघडू नये यासाठी काय करायचं? सरळ उपाय मार्कअपमध्ये आहे. सगळं कार्ड क्लिकेबल करून त्याच्या पोटात बटण ठेवणं हीच मुळात अडचण आहे. कार्ड लिंक असेल तर लिंकच्या आत बटण एचटीएमएलच्या नियमात बसत नाही, आणि कार्ड डिव्ह असेल तर कीबोर्डनं ते उघडताच येत नाही. त्याऐवजी लिंक फक्त शीर्षकाला द्या. कार्डाला पोझिशन रिलेटिव्ह द्या, शीर्षकाच्या लिंकला ‘आफ्टर’ स्यूडो-एलिमेंट देऊन ते ॲब्सोल्यूट करा आणि चारी बाजूंना शून्य देऊन कार्डभर ताणा. लिंक स्वतः पोझिशन केलेली नको, नाहीतर ताण तिच्यापुरताच राहतो. मेनूच्या बटणाला पोझिशन रिलेटिव्ह आणि वरचा झेड-इंडेक्स द्या. आता कार्डावर कुठेही बोट लावलं तरी क्लिक लिंकलाच लागतो, पण मेनूचं बटण लिंकच्या पोटात नसून शेजारी आहे. त्यावरचा क्लिक बबल होताना लिंकवरून जातच नाही. अडवायला काही उरत नाही, आणि उजवं क्लिक करून नव्या टॅबमध्ये उघडणंही फुकटात मिळतं. एक तोटा आहे: कार्डावरचा मजकूर माऊसनं निवडता येत नाही, कारण वर पारदर्शक थर असतो. मजकूर कॉपी करायची गरज असेल तर ही पद्धत सोडा आणि फक्त शीर्षकच लिंक राहू द्या.

मार्कअपला हात लावताच येत नसेल, तर कार्डाच्या हँडलरमध्ये क्लिक बटण, लिंक, इनपुट किंवा लेबलमधून आलाय का ते क्लोजेस्टनं बघा आणि आला असेल तर गप्प बसा. लेबल मुद्दाम म्हटलं. लेबलच्या मजकुरावर क्लिक केला की ब्राउझर त्याच्या इनपुटवर दुसरा क्लिक स्वतः पाठवतो, आणि तोही बबल होतो. वरच्या हँडलरला एका दाबण्याचे दोन क्लिक मिळतात, आणि टॉगल असेल तर ते उघडून लगेच मिटतं.

‘बाहेर क्लिक केल्यावर बंद’ हा भाग दिसतो दोन ओळींचा, पण सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. नेहमीचा कोड असा असतो: मेनू उघडताना डॉक्युमेंटवर क्लिकचा लिसनर लावायचा, टार्गेट मेनूच्या आत आहे का ते कंटेन्सनं बघायचं, नसेल तर बंद करायचं. पहिला सापळा उघडतानाच लागतो. बटणाच्या हँडलरमध्ये तुम्ही डॉक्युमेंटवर लिसनर लावता तेव्हा तोच क्लिक अजून वर निघालेला असतो. तो डॉक्युमेंटपर्यंत पोहोचतो, नवा लिसनर त्याला भेटतो, बटण मेनूच्या बाहेर असल्यानं मेनू बंद होतो. मेनू उघडतच नाही असं दिसतं आणि लोक सेटटाइमआउट लावून वेळ मारून नेतात. दुसरा सापळा जास्त फसवा आहे. मेनूतल्या ‘आणखी पर्याय’वर क्लिक केलं, त्याच्या हँडलरनं मेनूचा मजकूर बदलून नवा काढला, आणि क्लिक झालेलं एलिमेंट डॉममधून गेलं. आता डॉक्युमेंटवरचा लिसनर विचारतो की टार्गेट मेनूच्या आत आहे का. ते कुठेच नाही, त्यामुळे उत्तर ‘नाही’, आणि मेनू बंद.

यावर मी वापरतो ती पद्धत अशी. लिसनर डॉक्युमेंटवरच, पण कॅप्चर टप्प्यात. उघडणाऱ्या क्लिकचा कॅप्चर टप्पा बटणाचा हँडलर चालेपर्यंत होऊन गेलेला असतो, त्यामुळे तोच क्लिक परत भेटत नाही. खाली कोणी स्टॉपप्रोपगेशन केलं तरीही फरक पडत नाही, कारण कॅप्चर आधी होतो. आत-बाहेरची तपासणी कंटेन्सऐवजी कंपोझ्डपाथनं, म्हणजे इव्हेंट ज्या एलिमेंटांतून जातो त्यांच्या यादीनं, करा. तो मार्ग इव्हेंट सुटतानाच ठरतो, मधे डॉम बदलला तरी तो बदलत नाही, आणि उघड्या शॅडो रूटमधली एलिमेंटंही त्यात येतात. मात्र तो हँडलर चालू असतानाच वाचा. अवेटनंतर किंवा सेटटाइमआउटमध्ये वाचलात तर रिकामी यादी मिळेल.

तपासणीत फक्त मेनू घेऊ नका, मेनू आणि त्याचं बटण दोन्ही ज्यात आहेत तो कंपोनंटचा मूळ एलिमेंट घ्या. नाहीतर उघड्या मेनूचं बटण पुन्हा दाबलं की कॅप्चरमधला लिसनर मेनू बंद करतो, लगेच बटणाचा हँडलर तो टॉगल करून परत उघडतो, आणि वापरणाऱ्याला वाटतं की बटण बंदच करत नाही. आणि मेनूत शोधाची चौकट असेल तर क्लिकऐवजी पॉइंटरडाउन ऐका. मजकूर निवडताना माऊस आत दाबला आणि बाहेर सोडला, तर क्लिक दोन्हींच्या सामायिक पूर्वजावर होतो, म्हणजे बाहेर, आणि टाइप करता करता मेनू नाहीसा होतो.

मेनू रिॲक्टच्या पोर्टलनं (कंपोनंटचा भाग डॉममध्ये दुसरीकडे काढायच्या सोयीनं) बॉडीला जोडला असेल तर डॉममध्ये तो कार्डाच्या आत नसतो, पण रिॲक्टचे इव्हेंट रिॲक्टच्या झाडातून वर जातात. मेनूतला क्लिक कार्डाच्या ऑनक्लिकला मिळतोच. कार्डाच्या हँडलरमध्ये करंटटार्गेटच्या पोटात टार्गेट खरंच आहे का हे कंटेन्सनं विचारलं की असे क्लिक गळतात. शिवाय साध्या मेनूसाठी आता ब्राउझरचं स्वतःचं पॉपओव्हर ॲट्रिब्यूट आहे. बाहेर क्लिक आणि एस्केपनं बंद होणं तो स्वतः बघतो. तुमच्या मेनूला ते पुरत असेल तर वरचे दोन-तीन परिच्छेद तुम्हाला लागणारच नाहीत, आणि मी तरी आधी तेच करून बघेन.

बाहेर कळवण्याबद्दल. कार्डानं पालकाला मूळ क्लिकचा इव्हेंट देऊ नये. दिला की पालक टार्गेट बघून निर्णय घेऊ लागतो आणि उद्या तुम्ही कार्डातलं एक स्पॅन हलवलंत तरी त्याचा कोड मोडतो. फ्रेमवर्कमध्ये असाल तर ‘ऑनरिमूव्ह’सारखा कॉलबॅक प्रॉप (पालकानं दिलेलं फंक्शन) घ्या आणि नोंदीचा आयडी द्या. साध्या डॉममध्ये असाल तर कस्टमइव्हेंट पाठवा आणि आयडी डिटेलमध्ये घाला. इथे लक्षात ठेवायचं ते एवढंच की कस्टमइव्हेंट मुळात बबलही होत नाही आणि शॅडो सीमाही ओलांडत नाही. बबल्स आणि कंपोझ्ड हे दोन्ही मागून घ्यावे लागतात. यादीच्या पातळीवर एकच लिसनर हवा असेल तर बबल्स लावा. कंपोझ्ड मात्र सवयीनं लावू नका, कारण मग आतल्या कंपोनंटच्या खासगी गोष्टी थेट पानापर्यंत जातात.

नाव ‘क्लिक’ किंवा ‘चेंज’ ठेवू नका. आत एखादं इनपुट असेल तर त्याचा खरा चेंजही बबल होतो, आणि पालकाला एका नावाचे दोन वेगळे इव्हेंट मिळतात, एकात डिटेल असतं आणि एकात नसतं. आणि पालकाला ‘थांब’ म्हणता यायला हवं असेल तर इव्हेंट कॅन्सलेबल करा. डिस्पॅचइव्हेंट तिथल्या तिथे सगळे लिसनर चालवून परततो, आणि कोणी प्रिव्हेंटडिफॉल्ट केलं असेल तर ‘फॉल्स’ देतो. ‘काढून टाका’च्या आधी खात्री विचारायची की नाही हे कार्डानं ठरवू नये, ते असं पालकावर सोपवता येतं.

आता शॅडो डॉम. त्यातून क्लिक बाहेर येतो, पण बाहेरच्याला टार्गेट म्हणून आतलं बटण न दिसता होस्ट एलिमेंट, म्हणजे शॅडो डॉम ज्याला जोडलाय ते, दिसतं. म्हणजे डॉक्युमेंटवर बसून क्लोजेस्टनं आतलं बटण शोधणारा तुमचा आजचा कोड त्या दिवशी बंद पडेल. स्लॉटमधून (बाहेरचा मजकूर बसवायच्या जागेतून) आलेला मजकूर याला अपवाद आहे. तो बाहेरच्याच झाडात राहतो, त्यामुळे त्याचं टार्गेट लपत नाही. इव्हेंटनुसार वागणंही बदलतं: इनपुट सीमेबाहेर येतो, चेंज येत नाही, आणि ‘टाइप करताना कळतं पण चेकबॉक्सचं चेंज कळत नाही’ अशी तक्रार मिळते. आयडी आतल्या आत राहतात हा फायदा आहे, पण त्याच कारणानं बाहेरचं लेबल आतल्या इनपुटशी जोडता येत नाही. आतलं सबमिट बटण बाहेरचा फॉर्म पाठवत नाही. तुमचा कंपोनंट अनोळखी पानांवर, दुसऱ्यांच्या स्टाइलशीटमध्ये जाणार असेल तर ही किंमत मोजायला हरकत नाही. स्वतःच्याच ॲपमधल्या कार्डासाठी, तेही क्लिकच्या भांडणावर उपाय म्हणून, मी ती मोजणार नाही.

राहिलं आवरणं. कार्डावरचे लिसनर कार्डाबरोबर जातात, डॉक्युमेंटवरचे जात नाहीत आणि गेलेल्या कार्डाला धरून ठेवतात. हँडलर बाइंड करून लावलात तर काढताना पुन्हा बाइंड करू नका, प्रत्येक बाइंड नवं फंक्शन देतो आणि रिमूव्हइव्हेंटलिसनर काही न बोलता काहीच काढत नाही. ॲबॉर्टकंट्रोलरचा सिग्नल सगळ्या लिसनरना देऊन एकदाच ॲबॉर्ट करणं सोपं पडतं. कस्टम एलिमेंट असेल तर तो डॉममध्ये एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला तरी डिस्कनेक्टेड आणि कनेक्टेड हे दोन्ही कॉलबॅक पुन्हा चालतात, तेव्हा कंट्रोलर दर कनेक्टेडला नवा बनवा. ॲबॉर्ट झालेला सिग्नल पुन्हा दिला तर लिसनर लागतच नाही.

तुमच्या कोडमध्ये मी या क्रमानं हात घालीन: आधी फ्लॅग आणि शोध इन्स्टन्सवर, मग शीर्षकाची ताणलेली लिंक, मग स्टॉपप्रोपगेशनच्या सगळ्या ओळी बाहेर. त्यानंतर एका चाचणी-पानावर दोन कार्डं शेजारी आणि तिसरं त्यातल्या एकाच्या पोटात ठेवा. आतल्या कार्डाचा मेनू उघडा, बाहेरच्याचं बटण दाबा, मग हेच माऊसला हात न लावता टॅब, एंटर आणि स्पेसनं करा. खरं बटण असेल तर एंटर आणि स्पेसचाही क्लिकच होतो, पण पॉइंटरडाउन होत नाही. म्हणजे कीबोर्डवर बाहेर गेल्यावर मेनू मिटण्यासाठी फोकसआउट वेगळा ऐकावा लागेल. तिथे रिलेटेडटार्गेट (फोकस आता जिथे चाललाय ते एलिमेंट) कंपोनंटच्या आत आहे का ते बघा, आणि ते नल असेल तर बंद करू नका, कारण वापरणाऱ्यानं नुसता दुसरा टॅब किंवा दुसरी विंडो उघडली असेल तरीही ते नल येतं.